दुसऱ्या खेपेचं उत्तर

मानसशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "आता पोरगी लोकाईच्या डोक्यात काय हाय ते विचारत फिरन." काकू हसल्या, मी चिडले. पण पहिली नोकरी लागली आणि कामाचं स्वरूप कळलं तेव्हा लक्षात आलं की आईचं वर्णन तंतोतंत होतं. पगार मिळणार होता म्हणून घरात कोणी अडवलं नाही, एवढंच.

वऱ्हाडातली ती फार वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायला नको वाटायचं. आणि एखाद्या शेतकऱ्याच्या आत्महत्येचं पेपरात आलं की मागोमाग गावांत गाड्या यायच्या, गाड्यांतून शिकलेली माणसं उतरायची आणि त्यांच्या हातात कागद असायचे. पावसाचा दुष्काळ नि सर्व्हेचा सुकाळ, असं आम्हीच आमच्यावर हसून म्हणायचो. आमचा प्रकल्प अमरावतीचा. खेड्यातल्या बायांपैकी कोणाचं मन आतून खचत चाललंय हे ओळखायला एक प्रश्नावली मराठीत तयार केली होती. ती गावोगाव नेण्याआधी तिची परीक्षा घ्यायची होती. ती भरवशाची आहे का, हे पाहायचं होतं.

आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, हे फार छान समजावून सांगत. "कापसाचं गाठोडं काट्यावर ठेवलं, वजन घेतलं, उतरवलं. थोड्या वेळानं तेच गाठोडं पुन्हा ठेवलं. वजन तेच आलं तर काटा चांगला. दर वेळी वेगळं आलं तर काटा फेकून द्यायचा." म्हणून त्याच बायांना तेच प्रश्न पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली की प्रश्नावली विश्वासार्ह. आम्ही मुलींनी फक्त वाचायचं आणि खूण करायची. प्रश्न समजावून सांगायचा नाही, मान हलवायची नाही, 'अरेरे' म्हणायचं नाही. काट्यानं कधी 'अरेरे' म्हटलंय का?

सरांच्या बाजूनं एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. दोनपैकी कुठल्याही खेपेत जिचे गुण ठरावीक रेषेच्या वर जातील, तिला आम्ही जीपनं अकोल्याला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ, औषधपाण्याचं पाहू, असं त्यांनी वरच्यांशी भांडून मंजूर करून घेतलं होतं. त्या काळात असं कोणी करत नव्हतं. लोक यायचे, विचारायचे, जायचे.

पहिल्यांदा प्रश्नावली मी आईवर चालवून पाहिली. ती भाजी निवडत होती. मी वाचलं, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी."

"पयले हे सांग," आई म्हणाली, "उत्तर आयकून तू काय करशीन?"

"लिहून घेईन."

"अन् मंग?"

"मग पुढचा प्रश्न."

"मंग लिही, कधीच नाही," असं म्हणून तिनं मेथीची जुडी सोडली.

मला हसू आलं. आईचं काय, ती प्रत्येक गोष्टीत असंच करते, असं म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला.

गाव बार्शीटाकळीच्या पलीकडे होतं. अकोल्याहून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जायचं आणि फाट्यावर उतरून चालायचं. तिथली सगळी सूत्रं अंगणवाडीच्या ताईंच्या हाती होती. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या, अर्ध्या गावाची लेकरं हाताखालून गेलेली. पहिल्या दिवशी सर स्वतः आले होते. त्यांनी ताईंना सांगितलं, "आम्ही दोनदा येणार. दोन्ही वेळा हेच प्रश्न. उत्तरं जुळली तर ठीक, नाही जुळली तर सगळं बाद." ताईंनी अशी काही मान हलवली, की सरांना वाटलं, बाई हुशार आहे, एका वाक्यात समजली. ताई समजल्या होत्या खऱ्या, पण काय समजल्या ते आम्हाला फार उशिरा कळलं.

गावाच्या कडेला एक पिंजाऱ्याचं घर होतं. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये कापूस पिंजायचं यंत्र, त्यावर पोतं टाकलेलं. कापूस विकला गेला की घरोघर लग्नं निघतात, लग्नं निघाली की गाद्या-रजया लागतात, असा त्या घराचा हिशोब. तिकडे कापसाचं बिघडलं तसं इकडे यंत्र बंद पडलं. घरातला कर्ता मुलगा सुरतेला गेला. ईदला येतो म्हणाला होता. ईद होऊन गेली, तो आला नाही, फोनही नाही. घरात राहिल्या सासू आणि सून. जुन्या ओळखीतल्या कोणाची एखादी रजई आली की दोघी मिळून शिवायच्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोघी एकाच रजईवर बसल्या होत्या. एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, मधे ती भली मोठी लाल रजई. प्रश्न एकटीला विचारायचे असा नियम होता. मी सासूला म्हटलं, "अम्मा, जरा वेळ बाहेर बसता का?"

"मी कायले उठू? माह्याच घरात माह्यासमोर बोलाले काय लाज हाय?" त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. शिवाय रजईचा एक कोपरा माझ्या मांडीवर आला होता, तिथे पाहुणी मी होते.

सून माझ्याच वयाची असेल. हात भराभर चालत होता. मी वाचलं, "झोप लागायला त्रास होतो का?" तिनं सुई वर ओढली, दोरा ताणला आणि म्हणाली, "कधीच नाही." रडू येतं का? कधीच नाही. जेवण जातं का? जातं की. जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं का? सासूनं एकदा वर पाहिलं. "नाही बापा," सून म्हणाली, आणि दोघी पुन्हा टाके घालू लागल्या. मी खुणा केल्या. ते सगळं खरं असेल असं मला वाटलं नाही, खोटं असेल असंही वाटलं नाही. मला वाटायचंच नव्हतं, तो माझा नियम होता.

पंधरवड्यानं दुसरी खेप. थंडी पडायला लागली होती. पहिल्या घरापासूनच माझं काम इतकं सुरळीत चाललं की मी मनातल्या मनात खूश झाले. माझा प्रश्न अर्धा व्हायच्या आत उत्तर यायचं. एका म्हातारीला तर नात बाजूला बसून हळूच सांगत होती, "आजी, कधी कधी. कधी कधी म्हन." मी म्हटलं, तिला सांगू नको. तर नात म्हणाली, "इसरते ना व ते." आता तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी म्हातारपणाच्या खात्यात टाकून पुढे गेले.

पिंजाऱ्याच्या घरी या वेळी सून एकटी होती. सासू मूर्तिजापूरला कोणाच्या मयतीला गेली होती. घरात पाऊल ठेवलं आणि माझं पाऊल तिथेच थांबलं. ती भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. बाजूला चहाचा कप, त्यावर साय धरलेली. लाल रजई कोपऱ्यात चुरगळून पडली होती आणि सुई तिच्यातच अडकलेली होती. मागच्या खेपेनंतर ती चार बोटंही पुढे सरकली नव्हती.

मी प्रश्न वाचायला सुरुवात केली. झोपेचा त्रास? कधीच नाही. रडू? कधीच नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराबाहेर कुठेतरी बघत होती, आणि उत्तरं मात्र शाळेतल्या पाढ्यासारखी येत होती. मी वाचत गेले, खुणा करत गेले. शेवटची खूण झाली, मी पेनाला टोपण लावलं. तेव्हा ती पहिल्यांदा नीट बसली.

"हो गया ना, बाई? सब वैसाच बोली ना मैं?"

"वैसाच म्हणजे?"

"पयले जैसा."

मी हो म्हटलं. तिनं सुस्कारा सोडला, जणू तिचंच काही मोठं काम उरकलं होतं. आणि मग, माझं पेन बंद असल्याची खात्री करून घ्यावी तसं त्याच्याकडे बघत, ती बोलायला लागली.

"नींद नई आती, बाई. रातभर छत के बांस देखती पडी रहती. कल चूल्हा पेटाके वैसीच बैठी रही, तवा जल गया, अम्मा चिल्लाई तब मालूम पडा. कुएँ पे पानी को जाती तो वापस आने का मनच नई होता. अंदर देखती खडी रहती."

मी टोपण काढलं. "मग आत्ता 'कधीच नाही' का सांगितलंस? थांब, मी बदलते. हेच सांग मला, एकेक करून. तुला डॉक्टरकडे नेतील, अकोल्याला, जीपनं. मी असेन बरोबर."

तिनं आपला हात कागदावर पालथा ठेवला. "नको, नको. बदलू नका. मांगच्या टायमाले 'कधीच नाही' सांगतलं ना मी. आता बदललं तं तुमी नापास होसान."

"कोण नापास?"

"तुमी. तुमची परीक्षा हाय ना? आंगनवाडीवाल्या ताईनं सांगतलं सगळ्याईले. दोन्ही टायमाले एकच उत्तर द्या, नाहीतं पोरगी नापास होते म्हणे."

मी तिला समजावलं. म्हटलं, परीक्षा माझी नाही, कागदाची आहे. ती हसली. तेवढंच एकदा हसली त्या दिवशी. "कागद की कहीं परीक्षा रहती क्या, बाई?" मी म्हटलं, माझी नोकरी जाणार नाही, मला कोणी रागावणार नाही, आईशपथ. ती म्हणाली, "ऐसाच बोलते सब." मी चिडले, मग गयावया केली. पण जितकी मी अजिजी केली तितका तिचा संशय पक्का होत गेला, की ही पोरगी फार चांगली आहे, माझ्यासाठी स्वतःचं नुकसान करून घ्यायला निघाली आहे. तिनं कागदावरचा हात उचलला नाही. स्वतःसाठी बोट हलवायची जिच्यात ताकद उरली नव्हती, ती माझ्यासाठी सगळं बळ लावून तो कागद धरून बसली होती.

नियम असा होता, की बाई सांगेल तेवढंच लिहायचं. आणि ती सांगत होती, आधीचंच राहू द्या. मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'प्रश्न संपल्यावर आपणहून सांगितलं: झोप नाही, विहिरीजवळ थांबते.' आणि बाहेर पडले ती थेट अंगणवाडीत.

तिथे लेकरांना खिचडी वाढणं चाललं होतं. मी दारातूनच तोंड सोडलं. हातातलं पातेलं खाली ठेवून ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याचसाठी तं केलं. घरोघर जाऊन बजावलं मी बायाईले. एकीनंही उत्तर बदललं नाही, पाहा तुमी."

"पण का, ताई? काहून?"

"आता काहून काय? आमची सुपरवायझर नाही येत का? मी लेकरायचे वजनं घेतो. मंग ते येते अन् पुन्हा घेते. फरक आला का लेकराले कोनी बोलत नाही, माह्यावरच खेकसते. दुसऱ्यांदा मोजाले येतेत ते कोनाले तपासाले येतेत, मले मालूम नाही का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी एवढ्या लांबून येता, उन्हातान्हात. मले वाटलं, पोरगी पास झाली पायजे."

त्यांच्या नोकरीत दुसरी मोजणी म्हणजे मोजणाऱ्याचीच झाडाझडती. आमच्या पुस्तकात या प्रकरणाला मोठमोठी नावं आहेत, पण गावभर फिरून काट्याची अब्रू वाचवणाऱ्या बाईचा त्यात कुठेही विचार केलेला नाही. मी त्यांना पिंजाऱ्याच्या सुनेचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "पाण्याले मी नेत जाईन तिले संगं," म्हणाल्या. मला तेवढ्यानंच थोडा धीर आला. बाकी सगळं अमरावतीला जाऊन सरांशी बोलून होईल, असं मी धरून चालले होते. बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलतच होते, आणि मनातल्या मनात ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या ऑफिसात सर भेटले, तोवर कागद कॉम्प्युटरवर चढले होते आणि सर खुशीत होते. दोन्ही खेपांचा मेळ लावल्यावर जो आकडा येतो तो जितका एकाच्या जवळ, तितकी प्रश्नावली भरवशाची. आमच्या गावाचा आकडा एकाच्या इतका जवळ आला होता, की सरांनी कॉम्प्युटरवाल्याकडून तो पुन्हा काढून घेतला होता. "अशी विश्वासार्हता मी परदेशी पेपरांतही पाहिली नाही," ते म्हणाले.

मी सांगितलं. अंगणवाडीचं, परीक्षेचं, बजावून ठेवल्याचं, सगळं. सर खुर्चीत मागे टेकले. गाठोड्यानंच काट्याची काळजी घेतली, हे त्यांना लगेच कळलं. ते बुद्धिमान माणूस होते. पण मुदत संपत आली होती, पुन्हा दोन फेऱ्या करायला कोणी माणसं देणार नव्हतं. अहवालात शेवटी एक ओळ गेली, 'प्रतिसादांवर स्थानिक घटकांचा प्रभाव संभवतो.' माझ्या सगळ्या भांडणाची कमाई ती एक ओळ. ती प्रश्नावली नंतर बऱ्याच ठिकाणी वापरली गेली, आणि ती ओळ कोणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"आणि ती मुलगी?" मी विचारलं.

त्यांनी तिचा कागद काढला. समासातलं वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "गुणांनुसार ती यादीत बसत नाही. समासाला गुण नसतात."

"सर, मी पाहिलंय तिला."

"तू पाहिलंयस. उद्या दुसरी म्हणेल, मीही पाहिलंय. डोळ्यांनी पाहूनच नेता आलं असतं तर प्रश्नावली कशाला केली असती आपण?"

तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गुरूशी असं बोलू नये हे मलाही माहीत आहे. सर रागावले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी ते म्हणाले, "घरच्यांची तयारी असेल तर माझ्या शब्दावर बसव तिला जीपमध्ये. डॉक्टरांना मी सांगतो. पण घरच्यांनी हो म्हणायला हवं. आपण काही पोरगी उचलून नेऊ शकत नाही."

म्हणजे दार बंद नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं हो म्हणायचं, बस. मला वाटलं, हे तर सोपं आहे. प्रश्नावलीपेक्षा माणसाशी बोलणं केव्हाही सोपं.

जीप जायची त्या दिवशी मी सकाळीच गावात पोचले. पहिल्या खेपेला ज्यांनी खरं सांगितलं होतं आणि म्हणून दुसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं होतं, अशा बाया अंगणवाडीपुढे ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या होत्या. मी पिंजाऱ्याच्या घरी गेले. सासू परत आलेली होती. रजईच्या एका टोकाला ती बसली होती आणि टाके घालत होती. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. सून आतल्या भिंतीशी आडवी पडली होती, तोंड आमच्याकडे, डोळे उघडे.

मी सगळं सांगितलं. झोप नाही, चूल, विहीर. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. म्हटलं, अम्मा, डॉक्टर फक्त बोलेल, गोळ्या देईल, संध्याकाळी मी स्वतः आणून सोडते. तुम्हीही चला.

त्यांनी सुई थांबवली नाही. "कोनत्या डाक्टरकडे?"

मी सांगितलं.

"म्हंजे याडायचा डाक्टर." आता सुई थांबली. "पोरगा घरी नाही. उद्या आला अन् त्यानं आयकलं, बायकोले याडायच्या दवाखान्यात नेलं म्हणून, तं तो राहीन का इथं? आंदीच येऊन नाही राहिला. मले काय कमी चिंता हाय? माह्या पोटचा हाय तो. मी झोपतो काय रातच्याले? पन मी करतो ना काम."

"अम्मा, तिची गोष्ट वेगळी आहे. तिला खरंच बरं नाही."

तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. उलट समजूत घालावी तशा. "हे पाय बेटा. तूच आली होती ना कागद घिऊन? एकडाव नाही, दोनडाव आली. झोप लागते का, रडू येते का, सगळं विचारलं. मी इथंच बसली होती पयल्या टायमाले. तूनच लिवलं ना, इले काही नाही म्हणून? दुसऱ्या टायमाले मी नव्हती, तईही तेच लिवलं. ताईनं सांगतलं मले, दोन्ही येळचं बराबर जुळलं म्हणे. मंग आता तूनच येऊन काहून म्हनतं का ते बीमार हाय?"

हे माझ्या विषयातलं, माझ्याच सरांचं म्हणणं होतं. दोन वेळा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं, म्हणजे खरं. ते आता मला त्या घरात परत ऐकवलं जात होतं. मी म्हटलं, तो कागद खोटा आहे. त्यांनी विचारलं, मग बाहेर ज्या बाया जीपमध्ये बसून राहिल्या त्यांचा कागद खरा कसा? मी म्हटलं, ती माझ्यासाठी खोटं बोलली. त्यांनी विचारलं, तुझ्यासाठी काहून, तू काय तिची बहीण हायेस? बाहेरून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही सांगून पाहिलं, हात जोडले. अम्मांनी मान हलवली आणि सुईत नवा दोरा ओवायला घेतला. दोरा नेढ्यातून जाईना. मग तो मीच ओवून दिला, कारण तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

उठताना मी आत गेले आणि सुनेजवळ बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला. नियम आता उरलाच नव्हता. तिनं सावकाश नजर माझ्याकडे वळवली. मी आल्याचं तिला आत्ता कळलं असावं. ओठ कोरडे पडले होते. काहीतरी पुटपुटली म्हणून मी कान जवळ नेला.

"पास हुई क्या, बाई?"

नाही म्हटलं असतं तर तिनं तेही आपल्याच अंगावर ओढून घेतलं असतं. मी म्हटलं, "हौ. पास झाले मी."

ती हसली. खरंच हसली, दात दिसले, डोळ्यांतही जरा उजेड आला. मला वाटतं त्या महिनाभरात त्या घरात झालेली ती एकच चांगली गोष्ट असेल.

रजईच्या टोकाशी बसलेल्या अम्मांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, आणि त्या माझ्याकडे व ताईंकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "पाहा. हासून राहिली. मी सांगून राहिली होती ना, काहीच झालं नाही तिले म्हणून?"

हॉर्न पुन्हा वाजला. मी जीपमध्ये मागच्या बाजूला बसले. एका बाईनं मला विचारलं, शेजारची रिकामी जागा कोणासाठी ठेवली आहे. मी कोणासाठी नाही म्हटलं, तशी ती पाय पसरून नीट बसली.